बंदिशीतल्या शेळीला ऐकायला हवे

देवीपुढे बळी द्यायला नेलेली शेळी. घरी तिचे पिल्लू एकटे आहे, म्हणून ती जीव वाचवण्याची विनवणी करते. गायक कुमार गंधर्वांच्या मधसुरजा रागातली बंदिश या प्रसंगावर आहे. ख्यालात शेळी कशाला, असे नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा ऐकावी.

क्षयाने 1940च्या दशकाच्या अखेरीस कुमारांना देवासला अंथरुणाला खिळवले. कानावर पडत राहिली ती माळव्यातली लोकगीते. त्या धुनांतून त्यांनी संजारी, मालवतीसारखे नवे राग उभे केले. पुढे 'गीतवर्षा'त एका ऋतूवरच अख्खी मैफल बांधली. गळा, तंबोरे आणि मोजकीच साथ.

त्यांची जन्मशताब्दी 2024 मध्ये झाली. त्याच वर्षी मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मलकापूर-कराडपासून मिरज काही लांब नाही. वाद्य आपल्या दाराशी घडते, मग नव्या प्रयोगाला श्रोता का मिळू नये?

इथल्या मंडळांनी उत्सवातली एक संध्याकाळ नव्या गायकाच्या एकाच विषयावरच्या मैफलीला द्यावी. फर्माइशीच्या चिठ्ठ्या त्या दिवशी बंद ठेवाव्यात.