स्पष्टवक्ता कोणास म्हणावें?

‘मी बोवा स्पष्टवक्ता आहें, मनांत एक आणि ओठांत एक असें मला जमत नाहीं,’ अशी प्रस्तावना करून जो गृहस्थ दुसऱ्याच्या मुलीच्या रंगावर किंवा सुनेच्या माहेरावर तोंड टाकतो, त्यास आमच्या मध्यम वर्गांत मोठा मान आहे. घरोघर असे एखादे काका किंवा आत्याबाई असतातच. त्यांच्या स्वभावाविषयीं आमची तक्रार नाहीं. फटकळ माणसें पूर्वींहि होतीं. तक्रार एवढीच कीं, फटकळपणास मराठींत त्याचा स्वतःचा शब्द असतां दुसऱ्या शब्दाच्या नांवावर हा माल कां खपवावा?

‘स्पष्ट’ हा शब्द मुळांत बोलण्याचा नव्हेच. तो पाहण्याचा आहे. ‘स्पश्’ या धातूपासून तो आला. ऋग्वेदांत वरुणाचे हेर ते ‘स्पश’, सर्वत्र नजर ठेवणारे. माघानें शिशुपालवधाच्या दुसऱ्या सर्गांत हेरांवांचून राजनीति आणि महाभाष्यांतील ‘पस्पशा’ या पहिल्या आह्निकावांचून व्याकरण, या दोहोंवर एकाच शब्दांत श्लेष साधला आहे. लॅटिनमधील पाहण्याचा धातुहि याचाच भाऊबंद. तेव्हां ज्यानें आधीं नीट पाहिलें आणि मग ऐकणारासहि दाखविलें, तो स्पष्टवक्ता. आवाज चढविल्यानें काय दिसतें?

‘व्युत्पत्ति कांहींहि असो, रूढि बलवत्तर,’ असें कोणी म्हणेल. बरें तर, रूढीकडेच जाऊं. ‘स्पष्ट अक्षर’, ‘स्पष्ट उच्चार’ हीहि रूढीच ना? त्यांत कडूपणाचा मागमूस नाहीं. मोत्यासारखें अक्षर कोणास बोचत नाहीं.

पुण्यांतील कर्वेनगर ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या धोंडो केशव कर्व्यांचेंच उदाहरण घ्या. 1900 सालीं त्यांनीं आपला आश्रम तेथें, म्हणजे त्या वेळच्या हिंगण्यास, नेला. त्यापूर्वींची ही गोष्ट. 1893 सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडकरांनीं त्यांस वाळीत टाकलें. त्याच वर्षीं त्यांनीं ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापिली, आणि 1895 सालीं तिचें नांव ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असें झालें. नांव लांबलें, उच्चारावयास जड झालें. पण अर्थ किती उजळला! ‘उत्तेजन’ म्हटलें कीं ऐकणारास वाटावें, हे आमच्या लेकीसुनांस बोहल्यावर ढकलावयास निघाले. ‘प्रतिबंधनिवारण’ म्हटल्यावर ती शंका उरत नाहीं: जिला विवाह करावयाचा आहे तिच्या वाटेंतील आडकाठी तेवढी काढावयाची, सक्ति कोणावरहि नाहीं. वाळीत टाकणारांस त्यांत एकहि शिवी नाहीं, आणि हेतूचा कणहि झांकलेला नाहीं. बोलण्यांत सौम्य असलेल्या या माणसास आमच्या काकांनीं स्पष्टवक्ता म्हटलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

काकांस मात्र एक स्पष्ट प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या मुलीच्या रंगाविषयीं आपण भर पंक्तींत मत दिलेंत, ती काय शिकते, हें आपणांस ठाऊक होतें काय?