समुद्रापलीकडची मराठी

परवा वर्गात मी विचारले, “मराठी माणूस समुद्र ओलांडून गेला, तर आधी काय विसरतो?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “आईला फोन करायला, सर!” वर्ग हसला. मीही हसलो, पण मला धाकटा भाऊ आठवला.

तो अमेरिकेत असतो. मागे एकदा माघात, आमच्या चिमूरच्या बालाजीच्या घोडायात्रेला, तो बायकोमुलीसह आला होता. पोर गोड. आजीच्या मांडीवर बसायची, सारे ऐकायची आणि उत्तर द्यायची इंग्रजीत. ती सारी परत गेल्यावर आई म्हणाली, “पोरगी मोठी गुनाची आहे रे बाबू, पन मी तिच्यासंग बोलू कशी?”

मला मॉरिशसची मराठी माणसे आठवली. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी कराराने बांधलेले हिंदी मजूर त्या बेटावर नेले. त्यांत पुढे मुंबई बंदरातून गेलेली कोकणी कुटुंबेही होती. त्यांनी सोबत गणपती नेला, झाकरीचा नाच नेला आणि मराठी नेली. गणपती टिकला, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. झाकरीही टिकली. मराठीची जागा मात्र घरात क्रिओलने घेतली. भोजपुरी, तामीळ, तेलुगू बोलणाऱ्यांच्या शेजारी राबायचे, तर सर्वांना कळेल अशी एक बोली हवीच होती. त्यांना दोष कसा द्यावा? उलट, त्यांची मुले आज शाळेत मराठी शिकतात. मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्येही ती शिकवली जाते. घरातून गेलेली भाषा ती माणसे दारात उभी राहून परत बोलावीत आहेत.

हे सारे मी मोठ्या तळमळीने घरात सांगत होतो. तेवढ्यात चिरंजीवांनी वहीतून मान वर केली. “बाबा, सत्तावीस म्हणजे किती?”

“ट्वेंटी सेवन,” मी सहज बोलून गेलो.

आईने माझ्याकडे नुसते पाहिले. भावाला नावे ठेवणारा मी, मराठीचा प्राध्यापक! आमच्या घरातून तर कुणी बोटीतही बसले नव्हते.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आजी आणि नातू पाढे म्हणतात. काल सतराच्या पाढ्यात आजीच अडखळली आणि नातवाने तिला पुढचे सांगितले.