हळद आपली, पट्टी त्यांची

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. फलटण तालुक्यातल्या एका गावी पाचट कुजवण्यावर बैठक घेऊन मी बांधाबांधाने गाडीकडे निघालो होतो. शेजारच्या फडात तोड चालू होती, टोळी बीडकडची. एका बाईच्या नडगीला कोयता लागला होता. तिच्या मालकानं जवळच्या वस्तीवरून चिमूटभर हळद मागून आणली, जखमेत दाबली, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, आणि दोघं परत मोळ्या बांधायला लागली. मी मोठ्या कौतुकानं म्हणालो, "ताई, याच हळदीसाठी आपला देश अमेरिकेशी भांडला आणि जिंकला." ती नुसती हसली.

आठ-दहा दिवसांनी त्याच गावी गेलो, तर बाईचा पाय भोपळ्यासारखा सुजलेला, अंगात ताप. दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरी झाली, पण तीन आठवड्यांची मजुरी बुडाली आणि उचलीचा आकडा होता तिथंच राहिला. मी त्या दिवशी भाषण केलं होतं. साबणाचं पाणी माझ्या गाडीतल्या बाटलीनं करता आलं असतं, ते मात्र सुचलं नाही. ही चूक मनाला लागली, म्हणून हा लेख.

आधी ती भांडणाची गोष्ट नीट समजून घेऊ. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. १९९६ मध्ये आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने जुने संस्कृत दाखले आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने पेटंटातले दावे फेटाळले. आपल्याकडे साखर वाटावी असा आनंद झाला, आणि तो योग्यच होता.

पण बंधूंनो, एक बारीक गोष्ट आपण विसरलो. पेटंट रद्द झाले ते हळदीने प्रत्येक जखम बरी होते असे सिद्ध झाले म्हणून नव्हे. ही गोष्ट नवी नाही, भारतातल्या घराघरात आधीपासून माहीत आहे, एवढ्याच कारणाने ते रद्द झाले. निकाल मालकीचा होता, औषधाचा नव्हता. सातबारा आपल्या नावावर लागला म्हणून पीक आपोआप येत नाही. तसंच हे आहे.

आता जगाच्या बाजारात जखमेवर काय विकलं जातं ते बघा. अमेरिकेत १९२० साली अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थाने चिकटपट्टीवर कापडाची घडी लावून तयार पट्टी केली. त्याची बायको स्वयंपाक करताना वारंवार बोट कापून घ्यायची, भाजून घ्यायची. घरी मदतीला कोणी नसताना तिला एकटीला बांधता यावी अशी ती पट्टी होती. हा डिक्सन जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस खरेदीचं काम करायचा, हे आपल्याला सांगण्यासारखं. आज आपल्या गावातल्या किराणा दुकानातसुद्धा बरणीत सुट्ट्या मिळतात त्या बँडएडचा जन्म तो.

जर्मनीत मोटारीत प्रथमोपचार पेटी ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे. म्हणजे तिथं मागणी नुसती दुखापत झालेल्या माणसाकडून येत नाही, कायदाच गिऱ्हाईक तयार करतो. युरोपात आणि जपानात म्हाताऱ्यांची संख्या मोठी. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमा आणि मधुमेह्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा यांसाठी तिथं समुद्री शेवाळापासून केलेल्या, जखमेतलं पाणी शोषून घेणाऱ्या पट्ट्या वापरतात. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून किंचित ओलसर ठेवलेली जखम उघड्या कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते. त्यानंतर या पट्ट्यांचा धंदाच बदलला. आपल्याकडे अजून "जखमेला वारं लागू द्या" हाच सल्ला चालतो.

न्यूझीलंडची गोष्ट तर आपल्या कामाची. तिथल्या मानुका झुडपाच्या फुलांवरचा मध. आधी पावाला लावून खायचा. पुढे तो तपासून, निर्जंतुक करून, पट्टीत भरून जखमेसाठी विकायला सुरुवात झाली. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधाच्या पट्टीला परवानगी दिली. मध तोच, माशा त्याच. पण खाण्याचा मध आणि जखमेचा मध यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. तो फरक कशाचा? तपासणीचा आणि विश्वासाचा.

इथं आपल्या हळदीचा विचार करा. जगातल्या हळदीपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात पिकते. सांगलीची बाजारपेठ जुनी, हरिपूरची पेवं प्रसिद्ध. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे, 'फुले स्वरूपा' वाण तिथलाच. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. आपल्या जिल्ह्यात वाईकडं हळद पूर्वीपासून आहे. एवढं सगळं असून आपण विकतो काय? पोत्यातली हळकुंडं. रंग पाहून, हातात घेऊन, वाजवून सौदा होतो.

औषधाचं गिऱ्हाईक रंग बघत नाही. ते विचारतं, कुरकुमीन किती? साधारण हळदीत ते २ ते ५ टक्के असतं. मग विचारतं, कीटकनाशकाचे अंश किती, शिसं किती, बुरशी आहे का. शिसं कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पिवळेपणा यावा म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट चोळणारे लोक आहेत. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केलं. सरकारने बाजारात तपासण्या केल्या, दंड केले, आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातून ही भेसळ जवळजवळ हद्दपार झाली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. हे विष मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. अशी भुकटी जखमेत दाबायची? आणि दुकानातून आणलेल्या पुडीत काय आहे हे त्या फडातल्या माणसाला कसं कळावं?

तेव्हा हळद उत्पादकांना माझं म्हणणं एवढंच. परदेशातला माणूस हळदीचं गाणं ऐकून माल घेणार नाही. लागवडीपासून नोंदवही ठेवा. काढणीनंतर हळद जास्त दिवस पडू देऊ नका. शिजवणं एकसारखं करा, वाळवणं खळ्याच्या मातीवर न करता ताडपत्रीवर करा. पॉलिशला वरून रंग नको. दहा-वीस जणांनी मिळून गटानं नमुना प्रयोगशाळेत द्या आणि त्याचा दाखला मालाबरोबर ठेवा. पट्टी तयार करणं आपलं काम नाही, ते कारखान्याचं. पण पट्टी करणाऱ्याला आपल्या पोत्यावर भरवसा वाटणं, हे नक्की आपलं काम आहे.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. वर सांगितलेल्या सगळ्या देशांत मागणी कोण करतं? ज्याच्या खिशात पैसा आहे किंवा ज्याच्या पाठीशी कायदा आहे तो. आपल्या फडातल्या बाईची जखम जर्मनीतल्या मोटारवाल्याच्या जखमेपेक्षा लहान नव्हती. पण ती बाजारात मोजली जात नाही, कारण ती काही मागतच नाही. नवरा-बायको मिळून "एक कोयता" अशी आपण त्यांची मोजणी करतो. कोयत्याला धार लागते हे आपल्याला कळतं. कोयता धरणाऱ्याला पट्टी लागते हे लक्षात येत नाही.

आणि ही गोष्ट फक्त तोडणीवाल्यांची नाही. गडी असो की मालक, कुदळ, विळा, बैलाचं शिंग, कडबाकुट्टी यांपैकी कशानेही जखम होते, आणि आपण काय लावतो? तंबाखू, चुना, माती, कोणी शेणसुद्धा. धनुर्वाताचे जंतू नेमके मातीत आणि शेणात असतात. म्हणजे आपण रोग हातानं आत घालतो. भारताने २०१५ मध्ये बाळंतिणी आणि नवजात अर्भकांच्या धनुर्वातावर मात केल्याचं जाहीर झालं. ती लसीची आणि स्वच्छ बाळंतपणाची किमया. बाळंतिणीला जे कळलं ते नांगर धरणाऱ्याला कळू नये? आणि साखरेच्या या पट्ट्यात मधुमेहाचे रुग्ण थोडे नाहीत. अनवाणी रानात हिंडताना पायात काटा मोडला तरी त्यांना कळत नाही, आणि कळतं तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते.

उपाय महाग नाही. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडानं दाबून धरा. धुतलेल्या कापडानं किंवा तयार पट्टीनं झाका. खोल किंवा मातीची जखम असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्या. पूर्वीच्या टीटीच्या जागी २०१९ पासून टीडी मिळते. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवून तडक दवाखाना, तिथं हळद-मिरची काही नको. घरच्या हळदीचा मान दुधात, भाजीत आणि लग्नात राहू द्या. उघड्या जखमेत तो नको.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती. येत्या हंगामाआधी ग्रामसभेत एक साधा ठराव घ्या. गावच्या शिवारात उतरणाऱ्या प्रत्येक टोळीपाशी एक पेटी असावी. त्यात साबण, गॉज, पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर. मुकादमाने ती सांभाळावी, कारखान्याच्या शेतकी विभागाने भरून द्यावी, आशाताईंनी पंधरा दिवसांनी बघावी. एका पेटीचा खर्च ऊसमालकाने तोडीवाल्यांना दिलेल्या एका दिवसाच्या चहापाण्याएवढा.

माझ्या गाडीत आता अशी पेटी आहे. बियाण्याच्या पिशव्यांशेजारी ती ठेवतो. परवा गिरवीच्या बाजूला एका गड्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "साहेब, हळद आहे का?" मी म्हणालो, "हळद नाही, आधी साबण घ्या."