फटके 120, तुरुंगवास 30 वर्षे

गोऱ्या मिशनऱ्यांनी धर्म आणला आणि आफ्रिकेतल्या माणसाने तो मुकाट्याने घेतला, असे सर्रास बोलले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते. सायमन किंबांगू यांचे आयुष्य पाहिले की उरलेले अर्धे कळते.

किंबांगू हे बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमधल्या न्काम्बा या खेड्याचे. तेथे बायबल आले ते लोकांच्या किकोंगो भाषेत. देवासाठी मिशनऱ्यांनी शब्द घेतला तोही लोकांचाच, ‘न्झांबी’. शब्द आला तसा त्याचा जुना अर्थही चर्चमध्ये शिरला. आजारामागे दुष्ट शक्ती असते आणि तिला हटवणारा माणूस गावात असतो, ही समजूतही लोकांनी सोडली नव्हती.

1915 साली बाप्तिस्मा घेतलेले किंबांगू एप्रिल 1921 मध्ये आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करू लागले. लोक त्यांना ‘न्गुंझा’ म्हणजे प्रेषित म्हणू लागले. मळ्यांवरची कामे टाकून, दवाखाने सोडून माणसे न्काम्बाची वाट धरू लागली. किंबांगूंनी मात्र लोकांना मंतरलेल्या मूर्ती व वस्तू फेकायला लावल्या, एकाहून जास्त बायका करू नका म्हणून बजावले. म्हणजे मिशनऱ्यांचेच काम ते करीत होते!

मग सरकारला राग का यावा? चमत्कारांवर आमचा विश्वास नाही. पण सरकारची भीती चमत्काराची नव्हतीच. गोऱ्याला न विचारता काळा माणूस बायबल सांगतो आणि मजूर त्याचे ऐकतात, हे त्यांना खुपले. सप्टेंबरात अटक झाली. लष्करी न्यायालयात वकील न देता खटला चालला. शिक्षा झाली 120 फटके आणि मृत्युदंड. राजा आल्बर्ट यांनी मृत्युदंडाची जन्मठेप केली. 12 ऑक्टोबर 1951 रोजी किंबांगू एलिझाबेथव्हिल येथे कैदेतच वारले. उपदेश काही महिन्यांचा, तुरुंगवास 30 वर्षांचा!

पत्नी मारी म्विलू यांनी चळवळ गुप्तपणे जगवली. सरकारने अनुयायांना दूरदूर हद्दपार केले, तर ते जातील तेथे विचार पोहोचला. अखेर डिसेंबर 1959 मध्ये सरकारला या चर्चला मान्यता द्यावी लागली. 1969 साली ते जागतिक चर्च परिषदेचे सभासद झाले. त्यांच्या प्रभुभोजनात द्राक्षाच्या दारूऐवजी मधाचे पाणी असते. न्काम्बाच्या भूमीवर पादत्राणे काढूनच जावे लागते.

वाचक बंधू-भगिनींनो, ग्रंथ कोणी आणला एवढेच विचारून भागत नाही. तो कोणाच्या हाती पडला आणि त्याने आपल्या दुःखाशी ताडून कसा वाचला, हेही विचारले पाहिजे. काँगोच्या राज्यकर्त्यांना धास्ती होती ती अशाच वाचनाची.