गाळा स्वस्त आहे, पण खालची माती कशी आहे?

प्रत्येक बॅचमध्ये एक जण तरी विचारतोच, "सर, बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात गाळा निम्म्या भाड्यात मिळतोय, घेऊ का?"

घ्या की. पण भाड्याची घासाघीस करायच्या आधी तिथं पूर्वी काय चालायचं ते विचारा. प्लेटिंग होतं, डाईंग होतं, बॅटऱ्या फोडायचे? तेल, शिसं, क्रोमियम जमिनीत मुरतं आणि कंपनीला कुलूप लागलं तरी तिथंच राहतं. वर कोबा केला की दिसत नाही, एवढंच. खाण्याचा धंदा टाकणार असाल आणि पाणी तिथल्याच बोअरचं असेल, तर पाणी तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

आता मोठ्या पातळीवर बघा. लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डला 2012 चं ऑलिंपिक झालं, ती जमीन अनेक पिढ्या कारखान्यांची होती. मातीत तेल, डांबर, आर्सेनिक, शिसं. त्यांनी माती उकरली, चाळली, यंत्रात धुतली. त्या जागेला 'मातीचं हॉस्पिटल' असं नावच पडलं होतं! धुतलेली बहुतेक माती तिथंच परत वापरली. मला हे फार पटतं, कारण आपल्याकडे सफाई म्हणजे डंपर भरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर ओतणं.

पण या गोष्टीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. त्या जागेवरून 200 हून जास्त धंदे उठवले गेले. एच. फॉर्मन अँड सन ही 1905 पासूनची सॅमन मासा धुरी देऊन विकणारी पेढी त्यातलीच. भरपाईसाठी भांडली आणि शेवटी स्टेडियमच्या समोरच नवीन कारखाना टाकून उभी राहिली. प्रत्येकाला हे जमतं का? गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक आजूबाजूचं असतं. त्याला दहा किलोमीटर लांब नेलं की धंदा शून्यातून सुरू.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जमीन साफ झालीच पाहिजे, पण ती साफ झाल्यावर छोट्या धंद्यांसाठी परवडणारे गाळे राखून ठेवणं प्लॅनमध्येच लिहिलेलं हवं. नाहीतर घाण केली एकानं, जागेचा भाव वाढला दुसऱ्याचा, आणि शटर खाली आलं आपलं.

आपल्या केंद्र सरकारनं 2025 मध्ये प्रदूषित जागांसाठी नियम काढलेत. ज्यानं घाण केली त्यानं खर्च द्यायचा, हे त्याचं सूत्र. चांगलंच आहे. पण काम निघेल तेव्हा जागा तुम्हालाही रिकामी करावी लागू शकते, आणि मग भरपाई मागताना हातात कागद लागतो. अकरा महिन्यांचा करार तोंडी पुढे ढकलत बसला असाल, तर तुम्ही तिथं होता हे सिद्ध कशानं करणार? लाईट बिल कुणाच्या नावावर आहे? जीएसटीवर पत्ता कुठला आहे?

पुढच्या व्हिडिओत गाळ्याचा करार ओळीनं वाचणार आहोत. स्वतःच्या कराराची झेरॉक्स समोर घेऊन बसा.