बाटलीवरचे इंग्रजी



सोलापूरचा सात रस्ता तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. व्याकरणाप्रमाणे बघायला गेलं तर 'सात रस्ते' असं अनेकवचन पाहिजे. पण रिक्षावाल्याला 'सात रस्ते चला' म्हणून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. शब्द कसा असायला पाहिजे ते पुस्तकात असते आणि तो कसा चालतो ते रस्त्यावर कळते. इंग्रजी शब्दांचेही तसेच आहे असे माझे मत झाले आहे. ते का झाले ते सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आज्जीला घेऊन सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिला खोकला होता आणि गुडघेही दुखत होते. दवाखान्याच्या काचेच्या दारावर 'पुल' लिहिलेलं होतं. मी जोर लावून ढकलत होते. इथं कुठला पूल, असं मनात म्हणत होते! आतून एका काकांनी दार उघडलं तेव्हा कळलं की ओढायचं होतं. 'पुल म्हणजे ओढणे' हे मला तोंडपाठ होतं बरं का. पण दारावर ते मला ओळखूच आलं नाही.

डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या आणि कोणती कशी घ्यायची ते नीट सांगितलं. आप्पा पैसे द्यायला गेले होते, म्हणून ऐकायला मीच होते. पण माझं लक्ष अजून त्या दाराकडेच होतं. चूक माझीच.

रात्री आप्पा शेतावर दारं धरायला गेले. आई भाकरी करत होती. आज्जी म्हणाली, "तू इंग्रजी शिकतीस न्हवं? मग वाच की, काय लिवलंय." मला फार अभिमान वाटला. पहिल्या बाटलीवर होतं, 'शेक वेल बिफोर यूज'. वेल म्हणजे विहीर. चित्रासहित शिकलेला शब्द! हलवा, विहीर, आधी, उपयोग. विहीर हलवायची? मी तो विषय सोडून दिला. दुसऱ्या बाटलीवर होतं, 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली'. फॉर म्हणजे साठी, यूज म्हणजे उपयोग, ओन्ली म्हणजे फक्त. चारातले तीन शब्द येत होते. राहिला एक्स्टर्नल. यात्रेला एक्स्ट्रा यष्टी सोडतात, परीक्षेच्या आधी एक्स्ट्रा तास असतो. तेव्हा हा शब्दही 'जादा' असाच असणार. मी आज्जीला सांगितलं, "ह्याचे दोन चमचे घ्यायचे."

ते गुडघ्याला चोळायचं औषध होतं.

आज्जीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि तसाच अंगणात थुंकला. वासच तसा होता. तिची जीभ भाजल्यासारखी झाली, डोळ्यांत पाणी आलं. आईने पिठाच्या हाताने तिला तांब्या दिला, चुळा भरायला लावल्या. आप्पा आले तसा त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. पोटात काही गेलं नव्हतं म्हणून निभावलं. मला कुणी मारलं नाही. आज्जी तर उलट म्हणाली, "लेकरानं वाचलं तरी, मला तेबी येत न्हाई." त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ताईला विचारलं. ती सोलापूरला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "अगं, आमच्या तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून सर येतात, त्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचा." तेव्हा डोक्यात उजेड पडला. औषध अंगाला बाहेरून लावायचं. आणि वेलचा अर्थ नुसता विहीर नाही, 'चांगलं, नीट' असाही आहे. बाटली नीट हलवा, एवढंच ते सांगत होते.

सुट्टीच्या आधी झालेल्या शब्दार्थांच्या चाचणीत मला वीसपैकी वीस होते, हेही इथे लिहून ठेवते. लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या आप्पांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून ते आपल्या महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे आप्पांच्यापेक्षा माझी चार वर्षं जास्त झाली. पण आमची वही बघा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधे एक उभी रेघ. एका शब्दाला एकच अर्थ, जसं एका बाकावर एकच मुलगा. तो शब्द कुठे भेटला, कुणाबरोबर आला, हे त्या वहीत कुठेच नाही. माझं म्हणणं असं की शब्द ज्या वाक्यात आला ते सबंध वाक्य लिहावं आणि पुढे जागा लिहावी: औषधाची बाटली, खताचं पोतं, बँकेचा फॉर्म, यष्टीचं दार.

काही जण म्हणतील, आपल्या घरात कुठे आलंय इंग्रजी? अहो, किती तरी आलंय! पण ते आपल्याकडे येऊन आपल्यासारखं वागायला लागलं, आणि फसगत तिथेच होते. आपण स्टीलचा ग्लास म्हणतो. इंग्रजीत ग्लास म्हणजे मुळात काच. आपल्या फाट्यावरच्या हॉटेलात चहा आणि भजी मिळतात. इंग्रजीत हॉटेल म्हणजे जिथे मुक्कामाला खोली मिळते ते. कुणी इंग्रजी बोलणारा पाहुणा आपल्या फाट्यावर रात्री झोपायला आला तर बाकड्यावरच झोपेल बिचारा! उलटही झालेलं आहे. मुंगसाला इंग्रजीत मोंगूस म्हणतात, तो शब्द आपल्या मराठीतूनच तिकडे गेला. हे बाईंनी सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता.

सोलापूरच्या जुन्या माणसांना 'मार्शल लॉ' हा शब्द कुणी फळ्यावर शिकवला नव्हता. १९३० साली इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा लावला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याला फाशी दिली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनाही त्या शब्दाचा अर्थ कळला. त्याची वही करावी लागली नाही.

आणखी एक. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली ते चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी कुठे येत होतं? तिथे जखमी सैनिकांची सेवा करता करता ते शिकले. दुखतं कुठं, हे रोग्याला विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं. सोलापूरच्या गल्लीतली मुलं तरी काय करतात? घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, खेळताना हिंदी. ती मुलं कुठे शब्दार्थ पाठ करतात?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा शाळेतून आला की 'याचं स्पेलिंग सांग' एवढंच विचारू नका. स्पेलिंग पाहिजेच, परीक्षेत त्याचे मार्क असतात, मी काही वेडी नाही. पण आज कुठला शब्द कुठे बघितलास, तेही विचारा. आणि आम्हांला इंग्रजी येत नाही म्हणून मागे उभे राहू नका. आमच्या आप्पांना मोटारीचा स्टार्टर, फ्यूज, व्होल्टेज, लोड हे सगळं कळतं. लोड आला की काय होतं ते मला त्यांनी विहिरीवर दाखवलं, तेव्हापासून तो शब्द मी विसरलेली नाही. (ही खरी विहीर, बाटलीवरची नव्हे.)

या भित्तिपत्रकाच्या खाली गुरुजींनी एक मोठा कोरा कागद चिकटवला आहे आणि सुतळीने पेन्सिल बांधली आहे. वाटेत, दुकानात, दवाखान्यात जो इंग्रजी शब्द दिसला आणि कळला नाही, तो जसा दिसला तसा त्यावर लिहा. मराठी अक्षरांत लिहिला तरी चालेल. ज्याला कळतो त्याने शेजारी तो कुठे ऐकला ते लिहावं. पहिल्या ओळीत मी 'एक्स्टर्नल' लिहिला आहे. दुसऱ्या ओळीत आज्जीने विचारलेला शब्द आहे, तिच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा: 'एक्स्पायरी'. त्याच्या पुढची जागा अजून रिकामी आहे.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी