यंत्राच्या पोटांतील संगणक आणि प्रदर्शनांतील बक्षीस

आपल्या घरांत संगणक किती आहेत, असा प्रश्न आम्हीं एकदां नववीच्या वर्गांत विचारला. कोणी "एक" म्हणाला, कोणी "दोन", आणि पुष्कळांनीं "एकही नाहीं" असें उत्तर दिलें. मग आम्हीं विचारलें, "कपडे धुण्याचें यंत्र, टीव्हीचा रिमोट, इंडक्शन शेगडी, भिंतीवरील नवा वीजमीटर, यांस काम कोण सांगतें?" वर्ग स्तब्ध झाला. वस्तुतः यांपैकीं प्रत्येकाच्या पोटांत एक लहानसा संगणक बसलेला असतो. त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं. म्हणूनच तो कोणाच्या गणतींत येत नाहीं. दुसऱ्या यंत्राच्या अंगांत कायमचा बसविलेला जो असा संगणक, त्यास 'एम्बेडेड सिस्टीम' म्हणतात. आणि त्याचा प्राण असलेली जी चिप, तिचें नांव 'मायक्रोकंट्रोलर'.

टेबलावरील संगणकांत हिशेब करणारा भाग, स्मरणशक्ति आणि बाहेरच्या जगाशीं संबंध ठेवणारीं दारें हीं निरनिराळीं असतात. मायक्रोकंट्रोलरमध्यें तीं एकाच चिपेंत नांदतात. इंटेल कंपनीनें १९८० सालीं बाजारांत आणलेल्या ८०५१ या प्रसिद्ध चिपेंत कामाची स्मरणशक्ति अवघी १२८ अक्षरांची होती. या लेखाचीं दोन वाक्येंही तींत मावलीं नसतीं! तथापि तेवढ्या भांडवलावर तिच्या जातीच्या चिपांनीं जगभर असंख्य यंत्रें चालविलीं. अशा चिपेचा कार्यक्रम कधीं संपत नाहीं. 'पाहा, ठरव, कर, पुन्हा पाहा' हाच क्रम वीज असेपर्यंत अखंड चालतो. एकच काम, परंतु तें वेळेवर आणि न चुकतां करावयाचें, हा तिचा धर्म.

हें सर्व सांगण्याचें कारण एक प्रदर्शन होय. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत आम्हांस परीक्षक म्हणून बोलाविलें होतें. एका टेबलावर चकचकीत यंत्रमानव होता. तो चालत असे, वळत असे, हात हालवीत असे. शेजारच्या टेबलावर आठवींतील एका मुलानें दोन साधे बोर्ड तीन तारांनीं जोडून ठेवले होते. एका बोर्डानें आपल्या खोलीचें तापमान मोजावें व दुसऱ्यास कळवावें, अशी त्याची योजना. परंतु दुसऱ्या बोर्डाच्या पडद्यावर आंकड्यांऐवजीं अर्थहीन चिन्हें उमटत होतीं. "हें काय?" असें विचारतां तो म्हणाला, "सर, चूक आहे. कोठें आहे तें अजून सांपडलें नाहीं." आम्हीं मान हालविली आणि पुढें गेलों. यंत्रमानवास पहिलें बक्षीस मिळालें. बक्षीससमारंभ आटोपून आम्ही निघालों, तों तो मुलगा धांवत आला. "सर, सांपडलें! पाठविणाऱ्याचा वेग ९६०० होता आणि घेणाऱ्याचा ४८००!"

या वाक्यांत किती ज्ञान सांठविलें आहे, हें वाचकांस कळावें म्हणून थोडें स्पष्टीकरण करतों. दोन चिपांचें संभाषण पुष्कळदां एकेका तारेवरून चालतें. एक तार बोलण्याची, एक ऐकण्याची, आणि तिसरी दोघांचा विजेचा पाया एक ठेवणारी. अक्षर एकदम जात नाहीं. त्याचे आठ तुकडे एकामागून एक रांगेनें जातात. म्हणूनच यास 'सीरियल' संदेशवहन म्हणतात. तार स्वस्थ असतां तिच्यावरील दाब उंच असतो. बोलणारा प्रथम तो खालीं आणतो. जणूं दारावर थाप देतो. त्यानंतर आठ तुकडे, आणि शेवटीं दाब पुन्हा उंच करून 'झालें' अशी खूण. एका अक्षरास असे दहा क्षण लागतात. म्हणून सेकंदास ९६०० तुकडे या वेगानें ९६० अक्षरें जातात. आतां मौज अशी कीं, या दोघांत समाईक घड्याळ नाहीं. थाप ऐकूं येतांच ऐकणारा आपल्याच घड्याळानें मोजूं लागतो आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर तार पाहतो. घड्याळांत किंचित् फरक असला तर निभावतें, कारण प्रत्येक नव्या अक्षराबरोबर मोजणी नव्यानें सुरू होते. परंतु एकानें दुसऱ्याच्या निम्म्या वेगानें ऐकूं म्हटलें, तर तार तीच, वीज तीच, आणि अर्थ मात्र नाहींसा होतो. या वेगाच्या मोजमापास 'बॉड' हें नांव फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो याच्यावरून पडलें. त्यानें आपल्या पद्धतीचें पेटंट १८७४ सालीं घेतलें होतें.

त्या मुलानें हें पुस्तकांतून पाठ केलें नव्हतें. चुकीनें त्यास तें शिकविलें. आणि यंत्रमानव? त्याच्या मालकास आम्हीं नंतर सहज विचारलें, "याच्या पोटांत कोणती चिप आहे?" तो आपल्या वडिलांकडे पाहूं लागला. खोकें दुकानांतून तयार आलें होतें. बक्षीस देणाऱ्यांत आम्हीही होतों, ही गोष्ट अद्याप आमच्या मनास बोंचते. कारण त्या दिवशीं आम्हीं सर्व मुलांस असें शिकविलें कीं, चूक कबूल करण्यापेक्षां झगमगाट विकत घेणें बरें.

कोणी म्हणेल, सर्वच वस्तु तयार मिळत असतां आंतील गोष्टी जाणण्याचा खटाटोप कशास? यास आमचें उत्तर एका दुःखद घटनेंत आहे. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा या देशांत 'थेरॅक-२५' नांवाच्या, किरणांनीं कर्करोगावर उपचार करणाऱ्या यंत्रानें सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतील कांहीं दगावले. पूर्वींच्या यंत्रांत धोका टाळण्यासाठीं विजेचे व लोखंडाचे स्वतंत्र अडसर असत. या यंत्रांत ते काढून सर्व भार संगणकाच्या कार्यक्रमावर टाकला होता. त्यांत एक आंकडा असा होता कीं, तो शून्य नसेल तरच यंत्राची मांडणी तपासावयाची. प्रत्येक फेरीस त्यांत एक मिळविला जाई. परंतु त्यास दिलेली जागा आठ तुकड्यांचीच असल्यामुळें २५५ नंतर तो पुन्हा शून्य होई, आणि त्या क्षणीं तपासणी वगळली जाई. त्याच क्षणीं बटण दाबलें गेलें म्हणजे अनर्थ ओढवे. आठवीच्या मुलास समजेल एवढी ही चूक! परंतु यंत्र चकचकीत होतें, आणि कंपनीनें रुग्णालयांस वारंवार सांगितलें कीं, असें होणें शक्यच नाहीं. 'चूक आहे, ती अजून सांपडली नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य किती मोलाचें असतें, हें यावरून कळेल.

पालकांस आमची विनंति अशी आहे. मुलाच्या हौसेखातर तयार खोकें विकत आणूं नका. कांहीं शें रुपयांत एक साधा बोर्ड, दहा-पांच दिवे आणि तारा मिळतात. त्यांवर त्यास महिनाभर चुकूं द्या. यानें परीक्षेंतील गुण वाढतील असें वचन आम्ही देत नाहीं. परंतु दोष दुसऱ्यावर न ढकलतां शोधून काढण्याची संवय लागेल, आणि ती संवय गणितांतही उपयोगी पडते व संसारांतही. मात्र पांच व्होल्टच्या पलीकडे मुलांनीं एकट्यानें जाऊं नये. भिंतींतील विजेवर चालणारें यंत्र उघडणें हा खेळ नव्हे.

शाळांसही आमचें सांगणें आहे. ब्रिटनमध्यें २०१६ सालीं अकरा-बारा वर्षांच्या सुमारें दहा लक्ष मुलांस 'मायक्रोबिट' नांवाचा बोर्ड फुकट देण्यांत आला. तेवढें आपल्यानें न झालें तरी प्रत्येक शाळेंत एक कपाट आणि दोघांमागें एक बोर्ड, इतकें अशक्य नाहीं. आणि प्रदर्शनांत नियम असावा कीं, प्रयोगाबरोबर मुलाची वही मांडलीच पाहिजे. काय करून पाहिलें, काय फसलें, कां फसलें, हें तींत स्वहस्तें लिहिलेलें असावें; आणि निम्मे गुण त्या वहीस द्यावे. चालणाऱ्या यंत्रमानवापेक्षां न चालणाऱ्या बोर्डाचें कारण सांगणारा मुलगा मग मागें पडणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं पहिला दिवा लुकलुकविला म्हणजे तुम्हांस फार आनंद होईल, आणि तो होणें योग्यच आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं तो लुकलुकणार नाहीं, तेव्हां निराश होऊन तारा उपटूं नका. वही उघडा, तारीख घाला आणि लिहा, 'चूक आहे, अजून सांपडली नाहीं.' पुढील वर्षीं कोणत्याही प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला, तर आम्ही प्रथम तें पान वाचूं.